तान्ह्या पोळ्याची हजेरी

श्रावण उतरणीला लागला की वर्ध्याच्या बाजारात लाकडी बैल, म्हणजे तान्ह्या पोळ्याचे नंदी, येतात. चाकांवर उभे, गळ्यात घुंगरू, डोळे काळ्या रंगाने मोठे केलेले. रंग अजून ओला असतो. पोत्यावर मांडलेल्या त्या रांगेवरून वारा आला की तेलरंगाचा वास भाजीच्या ओट्यांपर्यंत जातो. मला तो वास आवडत नाही. इतरांना आवडतो, हे मला ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर मी सिंदी मेघ्यात राहतो. माझे शेजारी कचेरीत लिपिक आहेत. सज्जन गृहस्थ. परवा कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "सर, आमच्या बंटीच्या शाळेत यंदा तान्हा पोळा भरवून राह्यले. धोतर पाहिजे, टोपी पाहिजे, नंदी पाहिजे. पोरांवर संस्कार होतेत." मी झाडांना पाणी घालत राहिलो. "तुमच्या काळात नव्हतं न असं?" त्यांनी विचारले. "होते," मी म्हणालो, आणि ते आत गेले.

होते. म्हणूनच हे लिहितो आहे.

शाळेने सण पाळावेत की नाहीत, हा प्रश्न सभांमधून गोड आवाजात विचारला जातो. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. परंपरा, संस्कृती, संस्कार असे तीन शब्द एकापाठोपाठ येतात आणि टाळ्या पडतात. माझे उत्तर नाही असे आहे. ते कडवट वाटते, याची मला कल्पना आहे. ते गोड करून सांगण्याचे वय आता राहिले नाही; तेव्हाही नव्हते.

सणांशी माझे वैर नाही. माझ्या घरी पोळ्याला पुरण शिजे. आदल्या सांजेला बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळताना माझ्या वडिलांचे हात मी पाहिले आहेत. वर्षभर जू वाहिलेल्या त्या खांद्यावरचा घट्टा बोटांखाली मऊ होई आणि जनावर डोळे अर्धे मिटून घेई. त्या दिवशी बैलाला काम नाही. हा न्याय मला मान्य आहे. दुसऱ्या दिवशी मुलांचा सण, तान्हा पोळा. लाकडाचे बैल दोरीने ओढत घरोघर जायचे, बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायचा. तोही मला मान्य आहे. पण तो अंगणात. सरकारने बांधलेल्या, सर्वांच्या मुलांसाठी बांधलेल्या चार भिंतींत सण शिरला की तो सण राहत नाही. तिथे कोणाचा बैल मोठा हे ठरते. कोणाकडे बैलच नाही हेही ठरते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावी मुख्याध्यापक होतो. वडनेरपासून पायी जाण्याइतके जवळ. गावाचे नाव लिहीत नाही, कारण त्यात वेगळे काही नव्हते. सातवीपर्यंतची शाळा, लाल कवेलूंचे छप्पर, पावसात एका कोपऱ्यातून गळणारे. पावसाळ्यात वर्गाला ओल्या दप्तरांचा आणि काळ्या मातीचा वास येई. ती माती मुलांच्या पायांना घोट्यापर्यंत चिकटून आत येत असे. मी कधी पाय धुऊन या म्हणालो नाही. मूल आले आहे, एवढे मला पुरत होते.

कारण ती मुले येत नसत. श्रावण आणि भाद्रपद हे सणांचे महिने. तेच निंदणाचे महिने. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी झालेली असते, पाऊस उघडीप देतो, आणि तण पिकापेक्षा वेगाने वाढते. वावराला हात हवे असतात. लहान हात स्वस्त पडतात आणि त्यांना फार वाकावे लागत नाही. या दोन गोष्टी एकाच महिन्यात येतात, हा पंचांगाचा दोष नाही. त्याचा फायदा घेणे हे माणसाचे काम.

मला ते पहिल्यांदा दिसले गोकुळाष्टमीला. शाळेला सुट्टी होती. हिंगणघाटला जायचे म्हणून मी सडकेने निघालो, तर गुणवंतरावांच्या वावरात माझा सातवीचा वर्ग ओणवा होता. वर्गातल्या साऱ्या मुली. डोक्यावर पोत्याच्या खोळी, हातात विळे, एका ओळीत पुढे सरकणाऱ्या. वर्गात त्या ज्या क्रमाने बसत, जवळजवळ त्याच क्रमाने. उपटलेल्या गवताचा हिरवा, कडू वास सडकेपर्यंत येत होता.

गुणवंतराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. गावचे सरपंच, शाळा समितीचे अध्यक्ष, शंभर टक्के खादीधारी. गाव त्यांना पाटील म्हणे. आवाज मऊ, हसणे सदैव तयार.

"या गुरुजी, या! तुमचीच शाळा हाय. वळखू येते न?"

"सुट्टी सणाची दिली होती," मी म्हणालो.

"म्हणून तर आल्या पोट्ट्या. घरी बसून काय करन? उलसे हात चालते, घरच्याईले हातभार होते."

"आज गोकुळाष्टमी आहे."

"हाय न! माहा तर उपास हाय सकाळपासून."

ते थट्टा करीत नव्हते. त्यांचा उपास खरा होता. ही गोष्ट मला आजही सर्वांत अधिक चिडवते.

त्या रांगेत कुसुम होती. वर्गात हुशार म्हणावी अशी ती एकटी. तिची आई अनसाबाई बारमाही गुणवंतरावांच्या वावरात राबे. बाप जिनिंगच्या कामाला बाहेरगावी. हिंगणघाटला कुसुमचा मामा होता आणि तो म्हणाला होता, सातवी पास झाली तर पोर माझ्याकडे धाडा, हायस्कुलात घालतो. नापास झाली, किंवा वर्ग सुटला, तर दिवाळीनंतर कापूस वेचायला. वेचणीला गेलेली मुलगी शाळेत परत आल्याचे मी माझ्या नोकरीत पाहिले नाही.

पोळ्याच्या आधी एके सांजेला अनसाबाई माझ्या खोलीवर आली. दाराबाहेरच उभी राहिली. चिखलाचे पाय तिने उंबऱ्याला लागू दिले नाहीत.

"गुरुजी, तान्ह्या पोळ्याले शाळा ठेवा न जी."

मला वाटले, मी चुकीचे ऐकले. सुट्टी मागायला माणसे येत. शाळा मागायला कोणी येत नसे.

"काऊन म्हणान तर," ती म्हणाली, "शाळा बंद असली का पाटील म्हणते, पोट्टीले संग घेऊन ये. आता नाई कसं म्हणू मी त्याईले? शाळा चालू असली का सांगता येते, गुरुजी लई खराब मानूस हाय, नाव कापून टाकते."

"मी खराब माणूस आहे असे सांगतेस?"

"मंग काय सांगू जी? चांगला हाय म्हटलं तर कोन भिते?"

मी तिला घरी जायला सांगितले. तिने जे मागितले ते मला पूर्ण समजले होते. तिच्याजवळ मालकाला नाही म्हणायला एकच कारण होते, उघडी शाळा. आम्ही दर सणाला कुलूप लावून ते कारण तिच्या हातातून काढून घेत होतो, आणि वर त्याला संस्कृती म्हणत होतो.

सरकारी यादीत पोळा होता. तान्हा पोळा नव्हता. तो मुख्याध्यापकाने आपल्या अधिकारातल्या मोजक्या सुट्ट्यांतून द्यायचा असे. दर वर्षी दिला जाई. त्या वर्षी मी दिला नाही. गुणवंतराव दोन मंडळी घेऊन आले. समितीचा विचार होता की तान्हा पोळा शाळेच्याच पटांगणात भरवावा, उत्तम नंदीला बक्षीस द्यावे. गुणवंतरावांनी नातवासाठी सागवानाचा नंदी करवला होता. तो नातवाच्या छातीला लागत होता.

"सणाले शाळा ठेवता काय गुरुजी? लोक काय म्हणन?"

"यादीत सुट्टी नाही."

"यादी आपल्या हातची हाय. रीत हाय बापजाद्याची."

"रीत घरी पाळावी."

"मंग पोट्ट्याईले रीत शिकवन कोन? शाळेनं नाई शिकवाची तं कोनं?"

या प्रश्नात अर्थ नव्हता असे मी म्हणणार नाही. मुलाला आपल्या मातीचे सण कळावेत, हे खरे. पण शाळा जे शिकवते ते सर्वांना शिकवते, आणि जे साजरे करते ते काहींचेच करते. माझ्याच शाळेत दसऱ्याआधी सरस्वतीपूजन होई. बौद्ध वस्तीतली मुले मागच्या ओळीत हात मागे बांधून उभी राहत. पिंजाऱ्याचा एक मुलगा होता, तो आरतीच्या वेळी पाणी प्यायला जाई. त्यांना कोणी काही विचारत नसे, आणि न विचारण्याला आम्ही उदारपणा म्हणत असू. मुले ते पाहून शिकत होती. आपण मधले आणि ते कडेचे, एवढे शिकायला वर्ष लागत नाही. एक आरती पुरते. मी आलो त्या वर्षी ते पूजन बंद केले. ते माझ्याविरुद्धचे पहिले गाऱ्हाणे होते.

माझे सहायक वानखेडे गुरुजी म्हणाले, "सर, कशाले अंगावर घेता? सुट्टी कोनाले कडू लागते काय?" त्यांना दर सणाला ताप येत असे. त्याही वेळी आला.

पोळ्याच्या संध्याकाळी मी तोरणाखाली गेलो होतो. बैल रांगेने उभे. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, कपाळावर बाशिंगे. घामाचा, शेणाचा, झेंडूचा एकत्र वास. पोळा फुटण्याआधी, म्हणजे बैल सुटण्याआधी, झडत्या म्हणतात, एकेक जण पुढे येऊन यमक जुळवून कोणाची तरी टर उडवतो आणि सारे महादेवाचा गजर करतात. त्या वर्षी पहिलीच झडती माझ्यावर आली.

"शाळेच्या छपरावर कवेलू लाल,
मास्तरचे फुगले रागानं गाल,
बैलाले सुट्टी अन् पोराले काठी,
हा मास्तर आला कोनाच्यासाठी?"

हर हर महादेव झाले. लोक हसले. बैल बिचकले. मी शेवटपर्यंत उभा राहिलो, कारण निघून गेलो असतो तर झडती दोन वर्षे टिकली असती.

दुसऱ्या सकाळी मारबत निघाली. पळसाच्या फांद्या घेऊन पोरे गावभर ओरडत हिंडतात. रोगराई, माश्या, चिलटे, सारी पीडा मारबतीने घेऊन जावी म्हणून. शाळेसमोर मिरवणूक थांबली. "खोकला-पडसा घेऊन जा गे मारबत! ढेकून-पिसवा घेऊन जा गे मारबत!" आणि मग, एका सुरात, "हेडमास्तरले घेऊन जा गे मारबत!" आवाज कोवळे होते. बहुतेकांना मी बाराखडी शिकवली होती. पळसाची ओली पाने फाटकात अडकवून ते पुढे गेले.

मी घंटा वाजवली. पटांगण रिकामे होते. चिखलात पाखरांच्या पायांचे ठसे.

कुसुम आली. एकटी. मिरवणुकीच्या उलट दिशेने, दप्तर पोटाशी धरून. मी हजेरी घेतली. सगळी नावे वाचली. तिच्या नावाला ती "हजर" म्हणाली आणि पुढची नावे मी वाचत असताना ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग मी फळ्यावर क्षेत्रफळाची गणिते लिहिली. कवेलूतून ठिबकणारे पाणी बादलीत पडत होते. तेवढाच आवाज.

दुपारआधी गुणवंतराव आले. नातू आणि तो सागवानी नंदी घेऊन. नंदीची चाके चिखलात रुतत होती. एक गडी मागून उचलत होता.

"गुरुजी, एका पोट्टीसाठी शाळा?"

"हजेरी झाली आहे. आता बंद करता येत नाही."

ते हसले. मग त्यांनी कुसुमकडे पाहिले. आवाज होता तितकाच मऊ. "काय वो कुसुम? तुही माय तिकडे वावरात एकटीच हाय न आज? लई काम पडलं वो तिच्या अंगावर."

मुलीने माझ्याकडे पाहिले.

"फळ्याकडे पाहा," मी म्हणालो.

तिने पाहिले. उत्तर बरोबर काढले. गुणवंतराव तेवढा वेळ दारात उभे होते.

तक्रार झाली. गुरुजी धर्माविरुद्ध आहेत, गावच्या भावना दुखावतात. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी आले. गुणवंतरावांकडे जेवले, मग शाळेत आले. त्यांच्या बोटांना पुरणाचा वास होता. त्यांनी मला लोकभावना या विषयावर समजावले आणि लेखी दिले की गाव मागेल त्या सणाला वर्ग भरवू नयेत. पुढे महालक्ष्म्या होत्या, अनंत चतुर्दशी होती, पितरांची अमावस्या, नवरात्र. निंदण संपायला अजून अवकाश होता. अनसाबाई शाळेवरून जाताना फाटकाकडे पाही आणि पुढे जाई.

तेव्हा मला कपाटातल्या टकळ्या आठवल्या.

हा जिल्हा चरख्याचा. आमची शाळा एके काळी बुनियादी शाळा होती, पुस्तकाबरोबर हाताचे काम शिकवणारी. तो प्रयोग केव्हाच निवला होता. टकळ्या, म्हणजे बोटांनी फिरवून सूत काढायच्या त्या लहान चात्या, टोपलीत गंजत पडल्या होत्या. अधिकाऱ्याच्या कागदात वर्ग भरवू नये असे होते. सूतकताईविषयी काही नव्हते. मी जाहीर केले की प्रत्येक सणाच्या दिवशी सातवीच्या मुलामुलींनी शाळेत यायचे, सूतयज्ञ आहे. हजेरी सक्तीची.

गुणवंतरावांच्या अंगावर खादी होती, टोपीपासून धोतरापर्यंत. वर्धा जिल्ह्यात सूतकताईला नाही म्हणणारा पुढारी मला पाहायचा होता. ते आले, टोपलीकडे पाहिले, टकळ्यांवरचा गंज पाहिला.

"गुरुजी, तुम्ही लई बेरकी निघाले."

"सणच आहे," मी म्हणालो.

सूत काढताना बोटे चालतात. कान मोकळे असतात. मी खुर्चीत बसून भूगोल वाचत असे, इतिहास वाचत असे, गणिताची रीत तोंडी सांगत असे. वर्ग भरलेला नव्हता. कुसुमचे सूत फार वाईट निघे. गाठी, तुटका धागा, पुन्हा जोड. मी तिला एकदाही टोकले नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी गावातून भाजी-भाकरीच्या नैवेद्याचा वास येत होता आणि त्या मुली नद्यांची नावे पाठ करीत होत्या. सबंध हंगामात सणाच्या दिवशी त्यांतली एकही वावरात दिसली नाही.

म्हणजे एक सण अडवायला मला दुसरा उभा करावा लागला. त्याची मला लाज वाटली नाही. समाधानही वाटले नाही. ज्या गावात उघड्या शाळेला स्वतःचे बळ नसते, तिला कोणाचा तरी पोशाख घालावा लागतो, एवढेच कळले.

कुसुम सातवी पास झाली. अनसाबाई सांगायला आली. "गेली जी पोट्टी मामाकडे. मोटारीत बसून गेली. रडली नाई."

"ठीक," मी म्हणालो.

इथे थांबलो असतो तर हा लेख गोड झाला असता. पण गुणवंतराव माझ्याहून हुशार होते. मी सण शोधला होता; सण चालवायचे कसे, हे त्यांना माहीत होते. पुढच्या वर्षी सूतयज्ञ त्यांच्या अंगणात नेण्यात आला. मांडव पडला, भोंगा आला, तालुक्याचे कोणी पुढारी येणार ठरले. तान्हा पोळा आणि सूतयज्ञ, दोन्ही एकत्र. वरून आदेश आला की शाळेने सहभागी व्हावे, त्या दिवशी शाळा बंद. जागा कमी म्हणून मुले निवडली गेली. ज्यांचे नंदी चांगले आणि कपडे पांढरे, ती. बाकीच्यांना सुट्टी. छायाचित्रासाठी एका मुलाच्या हातात टकळी दिली आणि ती फिरेपर्यंत सारे थांबले. भाषणात माझे नाव गौरवाने घेतले गेले.

शेजाऱ्यांच्या बंटीला मी हे सांगणार नाही. त्याचा नंदी सुंदर आहे. त्याला धोतर नेसवताना त्याची आई हसत होती. त्या वर्गात धोतर आणि नंदी नसलेले कोणी असेल, ते त्या दिवशी घरी राहील. त्याची गैरहजेरी कोणी मांडणार नाही, कारण सणाच्या दिवशी हजेरी घेत नाहीत.

पाटलांच्या अंगणातल्या त्या सूतयज्ञाच्या सकाळी, मांडवाकडे जाण्याआधी, मी शाळेला कुलूप लावीत होतो. मारबत पुढच्या आळीत गेली होती. अनसाबाई धाकटीला घेऊन फाटकात आली. वंदना, तिसरीतली. केस तेल लावून चापून बसवलेले, खांद्याला दप्तर.

"आज शाळा हाय का नाई जी?"

"नाही."

"अन् सूतकताई?"

"ती पाटलांच्या अंगणात. निवडलेल्या मुलांची."

भोंग्यावर कोणी तरी फुंकून पाहत होते.

"मंग काय सांगू मी त्याईले?"

मी कुलूप हातात धरून होतो. वाकून तिने पोरीच्या खांद्यावरून दप्तर काढले, त्यातली पाटी बाहेर घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"हे इथंच ठेवून घ्या जी. वावरात फुटन."

मी दार उघडले, पाटी टेबलावर ठेवली, आणि दार पुन्हा लावले.